सड्यावर खड्डा मारू नका

(दृश्य : म्हाळुंग्याकडून वर येणारी वाट. धुकं. पायाखाली काळा, ओला जांभा.)

पन्हाळ्यावरून म्हाळुंगेमार्गे मसाई पठाराचा चढ संपला, की झाडं मागं राहतात. समोर नजर पोचेल तिथवर सपाट कातळ, म्हणजेच सडा. एप्रिलात इथं आलेल्याला वाटतं, केवढी जागा ओसाड पडलीय! मग जूनमध्ये तो रोपं, कुदळ आणि शेणखताची पोती घेऊन येतो.

सड्यांचं नुकसान खाणीनं होतं, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. जांभ्यातच बॉक्साइट, म्हणजे अॅल्युमिनियमचं खनिज असतं आणि शाहूवाडी, राधानगरीकडं त्यासाठी सडे खरवडले गेलेत. पण चांगल्या मनानं मारलेला खड्डाही सडा बिघडवतो, हे फारसं कुणी बोलत नाही.

(दृश्य : सीतेची आसवं नावाचं फुलझाड, अगदी जवळून. मग दवबिंदू नावाच्या झाडाच्या पानावर अडकलेलं चिलट.)

सड्यावर माती कुठं दोन बोटं, कुठं वीतभर, बऱ्याच ठिकाणी नाहीच. पावसानं धुतलेल्या या मातीत नत्र फार कमी. म्हणून तर सीतेची आसवं आणि दवबिंदू किडे पकडून खातात. गेंद, कवला, नभाळी या फुलझाडांनाही हा उपासच मानवतो. इथं शेणखत टाकलं की गवत आणि तण फोफावतं, आणि चार बोटांची ही झाडं सावलीत गुदमरतात. शेतातली काळी माती आणली तर तिच्याबरोबर गाजरगवताचं बी फुकट येतं.

लावलेलं रोप बहुधा मार्चपर्यंत वाळतं. खड्डा मात्र राहतो. जांभ्याचा वरचा टणक थर एकदा फुटला, की भोवतीचं उथळ पाणी त्या भोकातून मुरून जातं. ऑस्ट्रेलियन बाभळीसारखं झाड जगलंच, तर ते आणखी वाईट. तिचा पालापाचोळा लवकर कुजत नाही, त्याची गादी साचते आणि खालचं सगळं झाकलं जातं.

अशी बाभूळ काढायची तर मुळासकट उपटायची नाही, कातळ उखडतो. जमिनीलगत कापायची, खुंटाची साल मातीपर्यंत सोलायची. फांद्या आणि पाचोळा सड्याखाली न्यायचा; वर जाळला तर राख म्हणजे पुन्हा खतच. बी जमिनीत काही वर्षं टिकतं, त्यामुळं दर ऑगस्टला ओल असताना रोपं हातानं उपटावी लागतात. एका वर्षात काम झालं म्हणून सोडलं, की दोन वर्षांत जागा पुन्हा बाभळीची.

झाडं लावायची हौस असेल तर सड्याच्या कडेखाली उतरा. जांभूळ, अंजनी, हिरडा, गेळा, करवंद यांची जागा ती आहे.

(दृश्य : जीपच्या दोन खोल चाकोऱ्या, त्यांतून वाहणारं लालसर पाणी.)

आता चाकोऱ्या. जीप एकदा ओल्या मातीतून गेली की चाकोरी पडते. पाऊस तिच्यातून धावतो, माती नेतो आणि शेजारचं डबकं उपसून टाकतो. पुढची जीप चिखल टाळायला बाजूनं जाते. तिसऱ्या वर्षी चार चाकोऱ्या. म्हणून आधी वाट बंद करायची, मग दुरुस्ती. जमीन ज्याच्या ताब्यात, मग ते वनखातं असो वा ग्रामपंचायत, त्याची परवानगी घ्यायची, गुराख्यांशी बोलायचं आणि तोंडाशी मोठे दगड लावताना गुरांपुरती चार फूट फट ठेवायची. चराई पूर्ण थांबवणंही बरं नाही, गवत उंच वाढून फुलझाडांना झाकतं.

दुरुस्ती म्हणजे चाकोरीत आडवे, अर्धा फूट उंचीचे दगडी बांध. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाशी समपातळीत यायला हवा. शंभर फुटांत पाच फूट उतार असेल तर दर दहा फुटांवर एक. दोन फूट उतार असेल तर पंचवीस फुटांवर. पातळी बघायला गवंड्याची पाणी भरलेली नळी पुरते. बांधाचा मध्य टोकांपेक्षा दोन बोटं खाली ठेवायचा, नाहीतर पाणी कडेनं वळसा घालून नवी घळ पाडतं. सिमेंट नको. माती भरायची नाही. बांधामागं गाळ आपोआप बसतो आणि बीही त्यातच येतं.

दगड कुठून आणायचे? सड्यावरचे सुटे दगड उचलायचे नाहीत. त्यांच्याखाली देवगांडूळ (बिनपायाचा उभयचर), विंचू, पाली आणि फुरसं राहतं. पायथ्याच्या पडक्या गडग्यातला जांभा वाहून आणा, तोही काठीनं हलवून मग हात लावा. तंबूला वजन म्हणून किंवा चुलीसाठी उचललेला दगड असेल तर त्याच ठशात, तीच बाजू खाली करून ठेवायचा.

(दृश्य : वितभर खोल डबकं, बेडकांची पिल्लं.)

डबकी रुंद-खोल करून पाणवठे बांधायची टूमही निघते. डबकं आटतं, हेच त्याचं बळ. आटतं म्हणून त्यात मासे नसतात, आणि मासे नसतात म्हणून बेडकांची पिल्लं वाचतात. डासांसाठी सोडलेले गप्पी मासे ती अंडी-पिल्लंही खातात.

(दृश्य : जुलै. छत्र्या, झेंडे, रांग.)

१६६० च्या जुलैत महाराज पन्हाळ्यावरून विशाळगडाकडं गेले. त्या आठवणीत दर जुलैला मसाईवरून पावनखिंडीच्या मोहिमा जातात आणि नेमकी तीच वेळ बी रुजण्याची असते. एका रांगेत, मळलेल्या वाटेनं, जमेल तिथं उघड्या कातळावर पाय ठेवून चाललं तर तुडवण एका पट्ट्यापुरती राहते. चिखल टाळायला प्रत्येकानं बाजूनं पाय टाकला, की वाट बैलगाडीच्या रस्त्याएवढी होते.

काम जमतंय का, हे कळायला बांबूच्या काठ्यांचा एक मीटर चौकोन करा. चाकोरीत पाच ठिकाणी आणि शेजारच्या न तुडवलेल्या सड्यावर पाच ठिकाणी तो ठेवायचा. ऑगस्टच्या सुरुवातीला, सप्टेंबरच्या मध्यावर आणि ऑक्टोबरात आतल्या झाडांच्या जाती मोजायच्या, फोटो त्याच दगडावर उभं राहून घ्यायचा. पहिल्या वर्षी चाकोरीत बहुतेक गवतच दिसेल. गेंद दिसू लागला, म्हणजे पाणी थांबायला लागलंय.