लाव्हा जिथे थांबला : बेळगावच्या रानाखालचा ज्वालामुखी

(दृश्य : निपाणीजवळचं शिवार. गुडघाभर वाढलेला शाळू.)

निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात शाळू पेरतात तो परतीच्या पावसावर. त्यानंतर पाऊस जवळजवळ नसतोच. कितीतरी रानांना पाटाचं पाणीही नाही. तरी थंडी सरता सरता कणीस भरतं. बाहेरून आलेल्या माणसाला याचं नवल वाटतं. इथला शेतकरी मात्र एवढंच म्हणतो, "रानात ओल हाय."

ही ओल धरते काळी माती, आणि काळी माती झाली आहे काळ्या दगडापासून. तो दगड एके काळी वितळलेला होता आणि ओढ्यासारखा वाहत इथवर आला होता. आपण ज्याच्यावर पेरतो, बांधतो, विहीर खणतो, तो एक थंड झालेला ज्वालामुखी आहे.

(दृश्य : आइसलँडमधल्या भेगेतून उसळणारा लाव्हा.)

ज्वालामुखी म्हटलं की टोकदार डोंगर आणि वर धूर, असं चित्र मनात येतं. दख्खनचा ज्वालामुखी तसा नव्हता. इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा उसळत राहिला. नर्मदा-तापीच्या खोऱ्यात, नाशिक-पुण्याच्या परिसरात आणि कोकणात या भेगांच्या खुणा दगडी भिंतींसारख्या उभ्या आहेत. माणसाने डोळ्यांनी पाहिलेला असा मोठा उद्रेक म्हणजे आइसलँडमधला लाकी. १७८३ साली तिथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा येत राहिला. विषारी वायूंनी कुरणं आणि जनावरं गेली, पाठोपाठ दुष्काळ पडला. आपल्याकडचे उद्रेक त्याच्या कितीतरी पट मोठे होते.

काळ साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. उद्रेकाचा मुख्य भर दहा लाख वर्षांच्या आत आटोपला असं मानतात. मधे मधे हजारो वर्षांची उसंत असायची. त्या काळात वरचा दगड कुजून लाल माती व्हायची आणि मग तिच्यावर पुढचा थर यायचा. घाटात काळ्या दगडाच्या दोन थरांमधे विटकरी रंगाची पट्टी दिसते, ती हीच जुनी माती. पुढच्या थराच्या उष्णतेने ती भाजली गेलेली असते.

हजार-अकराशे अंश तापमानाचा हा रस शेकडो किलोमीटर वाहिला तरी वाटेत गोठून कसा गेला नाही? दुधावर साय धरावी तसं त्याच्यावर आधी कवच धरलं, आणि त्या कवचाखाली आतला रस गरम राहून पुढे सरकत राहिला. असे थरावर थर चढत गेले. आज हा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच्यावर आहे.

बेळगाव आहे ते याच्या दक्षिण काठावर.

(दृश्य : नकाशा. काळा रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे विरळ होत जातो.)

कोयनेला भूकंपाचा अभ्यास करण्यासाठी खोल भोकं पाडली, तेव्हा सव्वानऊशे मीटरच्या पुढे गेल्यावर काळा दगड संपला आणि खाली ग्रॅनाइटसारखा फार जुना खडक लागला. किल्लारीला हीच जाडी ३३८ मीटर भरली. जसजसं काठाकडे यावं तसतसा थर पातळ होतो. उत्तरेकडचे सर्वांत खालचे, जुने थर बेळगावपर्यंत पोचलेच नाहीत. इथे आले ते नंतरचे, वरचे थर.

हा काठ बघायचा असेल तर गोकाकला जावं. घटप्रभा जिथून सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते, तो कडा लाव्हाचा नाही. तो वाळूचा दगड आहे, शंभर कोटी वर्षांहून जुना. लाव्हा आला तेव्हा तो आधीपासून तिथे होता. याच पाण्याच्या जोरावर १८८७ मधे गोकाकची सूतगिरणी चालू झाली. आपण दोन्ही राज्यांमधल्या रेषेवर इतकं बोलतो, पण याच जिल्ह्यातून जाणारी ही लाव्हाची रेषा शाळेत कुणी दाखवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पीक काय येणार, विहिरीला पाणी किती हातांवर लागणार, घर कुठल्या दगडाचं होणार, हे सगळं ती रेषा ठरवते.

या मुलखाचा पहिला सविस्तर भूवैज्ञानिक अभ्यास केला रॉबर्ट ब्रूस फूट यांनी. भारतात पुराश्मयुगातलं, म्हणजे जुन्या अश्मयुगातलं, हत्यार पहिल्यांदा ओळखणारे ते हेच. जुन्या दक्षिण मराठा मुलखावरचा त्यांचा ग्रंथ १८७६ चा. गोकाकजवळ त्यांना चक्क गेंड्याचे जीवाश्म सापडले होते आणि १८७४ मधे त्यांनी त्याचं वर्णन छापलं. घटप्रभेच्या काठी गेंडे चरत होते! अर्थात हे लाव्हानंतर फार फार पुढचं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

(दृश्य : उन्हाळ्यात भेगाळलेलं काळं रान, नंतर लगेच खानापूरकडची तांबडी माती.)

आता मातीकडे येऊ, कारण लाव्हाचं खरं देणं तिथे आहे.

काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमधे, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असतं. पाऊस पडतो, पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पाणी किंचित आम्ल होतं आणि दगडाला हळूहळू खातं. आधी भेगा रुंदावतात, मग कोपरे झिजून गोल गोटे उरतात. त्यानंतर मांजऱ्या, म्हणजे अर्धवट कुजलेला दगड, मग मुरूम, आणि शेवटी माती. एक बोटभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात.

पण एकाच दगडापासून जिल्ह्याच्या पूर्वेला काळी आणि पश्चिमेला तांबडी माती कशी झाली? फरक पावसाचा आहे. अथणी-रायबागकडे पाऊस कमी. दगडातून सुटलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून जात नाही, तिथेच राहतं. त्यातून अतिशय बारीक पदरांची चिकणमाती तयार होते. तिच्या पदरांमधे पाणी शिरलं की ती फुगते, सुकली की आक्रसते. म्हणून पावसाळ्यात त्या रानात पाय रुततो आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती त्या भेगांत पडते, पुढच्या पावसात खालची वर येते, आणि रान आपलं आपण उलटंपालटं होत राहतं. शाळू, हरभरा, करडई ही पिकं या साठवलेल्या ओलीवरच येतात. निपाणीचा तंबाखूही याच काळ्या रानाचा. या मातीत नत्र कमी असतं, म्हणून आपली माणसं पूर्वीपासून शेणखत आणि हरभऱ्याची फेरपालट करत आली.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. काळी माती दिसली की खाली लाव्हाच असेल असं नाही. धारवाडकडच्या कितीतरी काळ्या रानांखाली त्याहून फार जुना वेगळाच खडक आहे.

आणि पश्चिमेला? चंदगड, खानापूर, जांबोटी, कणकुंबी. मलप्रभा उगम पावते तो हा भाग. इथे पाऊस कोसळतो. लाखो वर्षं कोसळत आला. त्याने दगडातलं जे विरघळण्यासारखं होतं ते सगळं धुऊन नेलं. कॅल्शियम गेलं, मॅग्नेशियम गेलं, सिलिकासुद्धा गेली. मागे उरलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. लोहाने माती तांबडी केली आणि माथ्यावर जांभ्याची टोपी चढवली. बेळगाव परिसरातली रताळी आणि बटाटे या निचऱ्याच्या तांबड्या जमिनीत पोसतात. मे महिन्यात कोरड्या मातीत भाताची धूळवाफ पेरणी होते तीही याच पट्ट्यात.

जांभा जमिनीत असताना कुऱ्हाडीने कापता येईल इतका मऊ असतो आणि हवा लागली की घट्ट होतो. त्यामुळे चिरा काढून भिंत रचणं सोपं जातं. त्याच जांभ्याच्या थरांत, जिथे अ‍ॅल्युमिनियम फार साठलं, तिथे बॉक्साइट मिळतं. बेळगावातला अ‍ॅल्युमिनाचा कारखाना त्याच्याच भरवशावर उभा राहिला. आज तो हिंडाल्कोचा आहे, जुनी माणसं अजून इंडालच म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दुर्गमानवाडीच्या पठारावरून त्यासाठी बॉक्साइट आलं. घरातलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं अशाच एखाद्या कुजलेल्या लाव्हातून आलेलं असू शकतं.

(दृश्य : टिळकवाडी, काँग्रेस विहीर.)

पाण्याचंही तसंच. जांभा सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यातून खाली झिरपतं आणि खालच्या चिकणमातीवर थबकतं. म्हणून बेळगाव शहरात जुन्या विहिरी इतक्या. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं. गांधीजी अध्यक्ष होते असं ते एकमेव अधिवेशन. माणसांचा तेवढा मेळा जमणार म्हणून पाण्यासाठी टिळकवाडीत विहीर खोदली गेली, ती आजही आहे. पूर्वेकडे मात्र जांभा नाही. तिथे पाणी असतं मुरमात, मांजऱ्यात आणि काळ्या पाषाणाच्या भेगांत. अखंड पाषाण लागला की बोअर कितीही खोल न्या, भेग सापडली तरच पाणी.

दगड म्हणून तो काय काय झाला हे मोजत बसायला नको. पाटा, वरवंटा, जातं, उखळ, देवळाचं जोतं, रस्त्याची खडी. वडार समाजाच्या पिढ्यान् पिढ्या हा दगड फोडण्यात गेल्या. दगडाचा धागा कुठे जातो, सुरुंगाशिवाय कुठे पाचर ठोकावी, हे त्यांना कुठल्याही पुस्तकाआधी माहीत होतं. हे ज्ञान त्यांच्या तोंडून नोंदवून ठेवण्याचं काम व्हायला हवं होतं, आणि अजूनही व्हायला हवं.

(दृश्य : रियुनियन बेटावरचा धुमसता डोंगर.)

मग ती उष्णता गेली कुठे? बहुतेक भूवैज्ञानिकांचं मत असं, की पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या उष्ण स्रोतावरून भारत त्या काळी उत्तरेकडे सरकत होता. भारत पुढे निघून आला, स्रोत मागे राहिला. आज त्याच्यावर हिंदी महासागरातलं रियुनियन बेट आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी अंदमानच्या बॅरन बेटावर, पण त्याचं मूळ निराळं. कोकणात तुरळ, उन्हाळे, वज्रेश्वरी इथे गरम पाण्याचे झरे आहेत; तेही जुन्या लाव्हाच्या उष्णतेने तापत नाहीत. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं आणि तिथल्या नेहमीच्या उष्णतेने तापून वर येतं.

जिथे उष्णता अजून वर आहे, तिथे माणसाने तिला कामाला लावलं. इटलीत लार्देरेल्लो इथे १९०४ मधे जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे पेटवले गेले, जमिनीच्या उष्णतेपासून झालेली ती पहिली वीज. आइसलँडमधली दहातली नऊ घरं जमिनीच्या गरम पाण्याने उबदार राहतात. केनियाची जवळजवळ निम्मी वीज ओल्कारियासारख्या ठिकाणच्या वाफेतून येते. बेळगावला हे शक्य नाही, आणि तशी आशा दाखवणंही बरोबर नाही.

पण थंड झालेला दगडही नव्या कामाला येऊ शकतो. आइसलँडमधे २०१२ पासून कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमधे सोडून पाहिला. दगडातल्या कॅल्शियमशी संयोग होऊन दोन वर्षांत त्यातल्या ९५ टक्क्यांहून अधिक वायूचा चुनखडीसारखा दगड झाला. दुसरा मार्ग शेतातून जातो. बेसाल्टची भुकटी मातीत मिसळली तर ती झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड बांधून ठेवते आणि पिकाला थोडी खनिजंही देते. भारतातही याच्या चाचण्या चालू आहेत. खडी क्रशरखाली पडणारी आपल्याकडची भुकटी आज शेजारच्या पिकावर बसून त्याचं नुकसान करते. ती नीट तपासून रानात घालता येईल का, हा प्रश्न इथल्या कृषी शास्त्रज्ञांनी हातात घ्यावा असं मला मनापासून वाटतं. तांबड्या, आम्ल जमिनीला तिचा उपयोग होण्याची शक्यता जास्त, कारण तिथलं कॅल्शियम पावसाने आधीच नेलेलं आहे.

(दृश्य : कृष्णाकाठचं पांढरं पडलेलं रान.)

काळ्या रानाची अडचण उलटी. कृष्णाकाठी उसाला पाणी देत राहिलं, निचरा केला नाही. पाणी मातीत साचलं, खालचे क्षार वर आले आणि जमीन चोपण झाली. चिकणमातीच्या ज्या पदरांनी शाळू जगवला, तेच पदर सोडियम शिरला की सुटे होऊन मातीतली छिद्रं बुजवतात, मग पाणी आत जात नाही आणि मूळही जात नाही. उपाय आहे. जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करायचा, जिप्सम टाकायचा, पाणी मोजून द्यायचं. पण एकट्या शेतकऱ्याने पाइप घालून भागत नाही, कारण निचऱ्याचं पाणी पुढच्याच्या रानात उतरतं. ओढ्यापर्यंत सगळ्या शिवाराने मिळून चर काढावा लागतो. ज्या गावांनी हे अजून केलेलं नाही, त्यांनी येत्या उन्हाळ्यात माती तपासून कामाला लागावं. कृषी खात्याच्या जवळच्या रयत संपर्क केंद्रात चौकशी करता येते.

(दृश्य : तवंदी घाट. महामार्गासाठी कापलेला डोंगर.)

आणि निपाणीहून बेळगावला येताना तवंदी घाटात गाडी सुरक्षित जागी थांबवता आली, तर कापलेल्या डोंगराकडे पाहा. थराचा मधला भाग घट्ट आणि उभ्या भेगांचा असतो. वरच्या भागात बारीक भोकं दिसतात. वायूचे बुडबुडे बाहेर पडता पडता लाव्हा गोठला, त्यांच्या त्या जागा. काही भोकांत पांढरे खडे भरलेले असतात. मुलं बरोबर असतील तर त्यांना एक खडा हातात घेऊ द्या आणि तो दगडाच्या आत कसा गेला असेल, ते त्यांनाच विचारा.