माचू पिचूला जाताय? आधी या खोऱ्यात दोन रात्री काढा

मंडळी, पेरूला जाणाऱ्या आपल्या लोकांचं ठरलेलं असतं, कुस्कोला उतरायचं, दुसऱ्या दिवशी ट्रेन, माचू पिचूला फोटो, परत. आणि मधलं उरुबांबा नदीचं खोरं, ज्याला सेक्रेड व्हॅली म्हणतात, ते खिडकीतून बघायचं. माझाही प्लॅन हाच होता, पण कुस्को आहे ३,४०० मीटरवर, रात्रभर डोकं असं ठणकलं की उंचीच्या त्रासावर इथे देतात तो कोकाच्या पानांचा चहा तीनदा पिऊनही काही फरक नाही, शेवटी सकाळी टॅक्सी करून खोऱ्यातल्या ओयान्तायताम्बो गावी पळालो. ते साधारण २,८०० मीटरवर. संध्याकाळपर्यंत माणसात आलो! म्हणून सांगतो, विमानातून उतरलात की थेट खोऱ्यात जा, कुस्को शेवटी ठेवा.

या गावात इंकांनी, म्हणजे स्पॅनिश येण्याआधीच्या इथल्या राज्यकर्त्यांनी, आखलेल्या गल्ल्यांत लोक आजही राहतात, कडेला दगडी पाटातून पाणी वाहत असतं. गावाच्या वरच्या इंका अवशेषांपर्यंत चढायला पायऱ्या आहेत, आपण सिंहगडवाले म्हणून मी तोऱ्यात निघालो आणि निम्म्यात बसकण मारली, हवाच विरळ आहे हो.

पण वर गेल्यावर ती सहा शिळांची भिंत बघा. गुलाबी दगड, माणसापेक्षा दुपटीने उंच, आणि दोन शिळांच्या मध्ये दगडाचीच बारीक उभी पट्टी बसवलीय, जवळ जाऊन बघितलं तरी फट सापडत नाही. हा दगड आलाय नदीपलीकडच्या डोंगरातल्या खाणीतून, म्हणजे डोंगर उतरवून, नदी ओलांडून, परत वर चढवलाय, तोही चाकाच्या गाडीशिवाय. काही शिळा वाटेतच राहिल्या, अजून तिथेच पडल्यात, लोक त्यांना 'थकलेले दगड' म्हणतात. मला तर भिंतीपेक्षा तेच जास्त आवडले.

आणि १५३७ मध्ये याच जागी इंका राजा मान्को इंकाने पाटांचं पाणी खालच्या मैदानात सोडलं, स्पॅनिश घोडी चिखलात रुतली, त्यांचा सेनानी एर्नान्दो पिसारोला माघार घ्यावी लागली.

मोराय, म्हणजे त्या गोल गोल उतरत्या पायऱ्यांची शेती, तासाभरात होतं. मारासला मात्र वेळ ठेवा. समुद्र कुठेच नाही आणि डोंगरउतारावर चक्क मिठागरं! एक छोटासा खारट झरा, त्याचं पाणी तीन हजारांवर वाफ्यांत फिरवतात, वाफे गावातल्या कुटुंबांनी वाटून घेतलेले. पिसाक, ओयान्तायताम्बो, चिंचेरो आणि मोराय ही ठिकाणं एकाच बोलेतो तुरिस्तिको, म्हणजे पर्यटकांच्या एकत्रित तिकिटात येतात, मारासचं वेगळं काढावं लागतं, त्यामुळे सोल (पेरूचं चलन) सुट्टे ठेवा.

पिसाकच्या बाजारात बटाटे बघून तर वेडाच झालो, जांभळे, काळे, वेडेवाकडे. आपली साबुदाण्याची खिचडी आठवा, साबुदाण्याचा कंद, दाणे, बटाटा, मिरची, सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातलीच, आणि आपण ती खातो एकादशीला!

माचू पिचूची ट्रेन ओयान्तायताम्बोहूनच मिळते, स्टेशन गावातून चालत जाण्याएवढं जवळ आहे, त्यामुळे कुस्कोला परत जायची गरजच नाही. सामान मोठं असेल तर हॉटेलातच ठेवून जा, ट्रेनमध्ये छोटी बॅगच चालते.