ब्रिटानिकपर्यंत आणि परत

श्रोतेहो, नमस्कार. मालवणला, तारकर्लीला गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी स्कूबा केलं असेल. पाठीवर सिलिंडर, हात धरून नेणारा प्रशिक्षक, थोडे मासे, एक फोटो, की झालं. आज मी बोलणार आहे ते १२० मीटर खोलीवरच्या डायव्हिंगबद्दल.

ग्रीसच्या केआ बेटाजवळ समुद्रतळाशी ‘ब्रिटानिक’ उजव्या कुशीवर पडली आहे. टायटॅनिकची ही धाकटी बहीण, २६९ मीटर लांबीची. पहिल्या महायुद्धात तिचं रुग्णालय-जहाज केलं होतं. २१ नोव्हेंबर १९१६ रोजी जर्मन पाणबुडीने पेरलेल्या सुरुंगावर ती आदळली आणि ५५ मिनिटांत बुडाली. जखमींना आणायला निघाली होती, म्हणून वॉर्ड रिकामे होते. हजाराहून जास्त माणसं वाचली, ३० दगावली. कप्तान जहाज किनाऱ्याकडे रेटत होता, त्यामुळे जहाज पुढे ढकलणारे पाण्यातले पंखे फिरतच होते; घाईने सोडलेल्या दोन होड्या त्यांत ओढल्या गेल्या. जहाजावरची सेविका व्हायोलेट जेसप हिने होडीतून उडी टाकली म्हणून ती वाचली. ही बाई टायटॅनिकवरही होती, बरं का!

१९७५ मध्ये फ्रेंच समुद्रसंशोधक जॅक कूस्तो यांनी हे जहाज शोधून काढलं. तिथे उतरायचं म्हणजे आधी हिशेब करायचा. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. तळाशी तो १३ पट होतो. तिथे साधी हवा घेतली तर नायट्रोजनची नशा चढते आणि ऑक्सिजनच विषारी ठरून झटके येतात. म्हणून हेलियम मिसळलेला ‘ट्रायमिक्स’ वापरतात. त्यात ऑक्सिजन इतका कमी, की तेच मिश्रण बोटीवर बसून ओढलं तर माणूस बेशुद्ध पडेल. बहुतेक जण आता रिब्रीदर लावतात: सोडलेला श्वास रसायनातून गाळायचा, त्यात ऑक्सिजन भरायचा आणि तोच परत घ्यायचा.

खाली पोचायला काही मिनिटं, जहाजापाशी जेमतेम अर्धा तास, आणि वर यायला कित्येक तास. दाबाखाली रक्तात मुरलेला वायू घाईने वर आलं तर बुडबुडे होऊन सांध्यांत, मज्जारज्जूत अडकतो. म्हणून ठरलेल्या खोलींवर थांबे घ्यायचे. शेवटचे थांबे सगळ्यात जास्त वेळाचे. सहा मीटरवर दोरीला धरून लोंबकळायचं. बोटीचं बूड डोक्यावर दिसतंय, पण वर जायचं नाही. थंडी वाजते. लघवीसाठी ड्रायसूटला, म्हणजे पाणी आत न येणाऱ्या पोशाखाला, वेगळी झडप असते, हेही सांगून टाकतो. धाडस वगैरे म्हणतात, पण मला तरी यात चिकाटीच जास्त दिसते. मुरलेले डायव्हरसुद्धा इथे प्राणाला मुकले आहेत.

मे २०२५ मध्ये ११ डायव्हरांच्या पथकाने ग्रीक सरकारच्या देखरेखीखाली जहाजाची घंटा, डाव्या बाजूचा दिवा आणि एक दुर्बीण वर काढली. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरात होणाऱ्या संग्रहालयात त्या ठेवल्या जाणार आहेत. वस्तू हवेच्या पिशव्या बांधून वर सोडल्या. घंटेला थांबे लागत नाहीत. ती बांधणाऱ्यांना मात्र सगळे घ्यावे लागले.