वाईनरीत लेकरू नेताना

मंडळी, आजचा विषय कळल्यावर एका बाईंनी मला आधीच विचारून घेतलं, "तुम्ही वाईनरीच्या विरोधात बोलणार ना?" नाही. मी दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी बघूनच आमच्याकडे कार्याच्या तारखा ठरायच्या. नाशिकच्या सुला या वाईनरीची पहिली वाईन २००० साली बाजारात आली, दुसऱ्याच वर्षी राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. पुढे माझ्या भावाने एक एकर थॉमसन, म्हणजे खायची बिनबियांची द्राक्षं काढून शिराज ही वाईनची द्राक्षं लावली. त्या पैशावर त्याची मुलं शिकली. त्या बाटलीला नावं ठेवायला मी इथे उभी नाही.

पण ३१ वर्षं मी बालवर्ग शिकवला. एकदा डब्याच्या सुट्टीत चार वर्षांच्या एका मुलीने पाण्याच्या बाटलीचं झाकण दोन बोटांत धरलं, शेजारणीच्या झाकणाला टेकवलं, "चिअर्स" म्हणाली, घोट घेतला आणि डोळे मिटून म्हणाली, "हां, आता बरं वाटतंय." चिअर्सचं मला काही वाटलं नाही, पोरं सगळंच उचलतात. ते "आता बरं वाटतंय" मात्र लागलं. दमलेल्या मोठ्या माणसाला बरं वाटायला काय लागतं, हे तिचं शिकून झालं होतं.

मूल वाईनरीत भिंती बघत नाही, टाक्या बघत नाही. ते आईबाबांचा चेहरा बघतं. आवाज कधी चढला, बाबा एरवीपेक्षा जास्त का हसतायत, आपण हाक मारली तर उत्तर किती उशिरा आलं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: मुलाला बाग दाखवायला जरूर न्या, पण आपल्या पिण्याच्या बैठकीला सोबत नेऊ नका.

एका जानेवारीत मी पाहुण्यांबरोबर अशाच एका ठिकाणी गेले होते. रात्रीचे नऊ वाजलेले, थंडी पडलेली. दोन खुर्च्या जोडून त्यावर तीन-साडेतीन वर्षांचा मुलगा झोपवलेला, अंगावर आईची ओढणी, डोक्यामागे स्पीकर. तो दचकून उठायचा, "घरी चला" म्हणायचा. बाबा म्हणायचे, "हा ग्लास संपला की निघू." तीन वेळा ऐकलं मी. नंतर गाडी बाबांनीच काढली. आपल्या कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असेल तर गाडी चालवणं गुन्हा आहे. मागच्या सीटवर झोपलेल्या त्या पोराला कुणी विचारलं होतं? मीही उठून बोलले नाही. ते अजून मनात आहे.

"वाईन म्हणजे द्राक्षाचा रसच हो," असं म्हणून कुणी मामा, काका बोट बुडवून मुलाच्या जिभेवर टेकवतो. हिशोब करा. १२ टक्क्यांच्या वाईनचा १५० मिलिलिटरचा ग्लास म्हणजे १८ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. पाच टक्क्यांच्या बिअरचा ३३० मिलिलिटरचा कॅन म्हणजे साडेसोळा. रस कुठे राहिला? आणि २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कौतुकाने दिली, ही सबब त्यात नाही.

एक आई मला म्हणाली, "मॅडम, मूल झालं म्हणून आम्ही घरातच बसायचं का?" तिचं खरं आहे. सासर-माहेर दोन्ही लांब, आठवडाभर नोकरी, एक रविवार. अशा घराला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. एकाने त्या दिवशी प्यायचं नाही आणि मुलाची वेळ तीच घरी निघायची वेळ, एवढं तरी ठरवूनच गाडीत बसावं. आणि आज्यांनो, एखादी संध्याकाळ नातवंडाला आपल्याकडे ठेवून घ्या, टोमणा न मारता.

मुलांना दाखवण्यासारखं किती आहे तिथे! वाईनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं, आत बिया. थॉमसन समजून चावलं की पोरांची तोंडं बघण्यासारखी होतात. काळ्या शिराजचा मणी चिमटीत दाबून दाखवा, थेंब जवळजवळ पांढरा निघतो. मग लाल वाईन लाल कशी? सालीमुळे. हे कळल्यावर माझ्या नातवाने अर्धा घड दाबून संपवला. मणी मात्र धुऊनच द्या, फवारणी कधी झाली ते विचारा. आणि टाक्यांपाशी हात सोडू नका. आंबताना यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो, आणि मुलाचं नाक आपल्यापेक्षा खालीच असतं.

तर, भावाच्या बागेत पुढच्या रविवारी काढणी आहे. सकाळी सातला या. मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, दव असतं. छोट्या कात्र्या मी आणते, क्रेट तिथे आहेत. अकरापर्यंत ऊन चढतं, तेव्हा पिठलं-भाकरी खाऊन घरी जा.