चाळणीत उरलेला भेक

(लघु माहितीपट: निवेदन)

[पाण्यात बुडवलेल्या चाळण्या. गढूळ पाणी जाळीतून बाहेर पडतं आहे.]

माती चोळायची नाही, घासायची नाही. तिला भिजू द्यायचं आणि वाहत्या पाण्यालाच काम करू द्यायचं. बारीक जीवाश्म हाडं मिळवण्यासाठी, तळाला जाळी ठोकलेली खोकी ओढ्यात ठेवून गाळ धुण्याची ही रीत अमेरिकेत जीवाश्म अभ्यासक क्लॉड हिबर्ड यांनी रुळवली आणि १९४९ साली तपशीलवार लिहून काढली. त्याआधी बहुतेक ठिकाणी नजरेला पडतील तेवढीच हाडं उचलली जात. मोठी जनावरं म्युझियममध्ये पोचायची, बेडूक आणि भेक (इंग्रजीत टोड) मातीबरोबर टाकून दिले जायचे.

[वाळलेला गाळ. ब्रशचं ओलं टोक.]

चिमट्यात धरलं तर असं हाड मोडण्याची भीती, म्हणून ब्रश ओला करून त्याच्या टोकानं अलगद उचलायचं. उंदराचा दात. सरड्याचा जबडा. पुन्हा उंदराचा दात. आणि हे.

[मायक्रोस्कोपखाली हाड सावकाश फिरतं.]

हे इलियम. कमरेचं हाड. डावीकडे एक, उजवीकडे एक. ठेवण पळीसारखी: लांब दांडा आणि टोकाला पसरट भाग. पसरट भागावरची ही अर्धगोल खोबण मांडीच्या हाडाची. भेकाचा अख्खा सांगाडा दगडात सापडणं दुर्मीळ. कवटीची हाडं पातळ, ती सुटतात, फुटतात. गुहेतली पुष्कळ हाडं तर घुबडांनी ओकलेल्या गोळ्यांमधून आलेली, म्हणजे जमिनीवर पडण्याआधीच सुटी झालेली. खोबणीभोवतालचा भाग मात्र जाड आणि भक्कम. तो उरतो. म्हणून जीवाश्म भेकांची ओळख बहुतेक वेळा याच एका हाडावर उभी असते.

[दांड्याची वरची कड. शेजारी आजच्या बेडकाचं इलियम.]

दोन्ही हाडांची वरची कड बघा. उजवीकडचं हाड राना गटातल्या बेडकाचं. दांड्यावर उंच, पातळ धार चढत गेलेली आहे. डावीकडे, आपल्या हाडावर, ती नाहीच. दांडा गोलसर आहे आणि खोबणीच्या वर एक उंचवटा आहे. अभ्यासकाची नजर सगळ्यात आधी या उंचवट्यावर जाते. युरोपातल्या साध्या भेकात, म्हणजे बुफो बुफोमध्ये, तो बसका आणि गोलसर असतो. हिरव्या भेकात त्याचे बऱ्याचदा दोन भाग पडलेले दिसतात. नॅटरजॅक भेकात दांड्याच्या बाजूनं आणखी एक पातळ कंगोरा निघतो. हाड तिरपं धरलं, प्रकाश एका बाजूनं पाडला की तो उठून दिसतो.

गाळात जबड्याचा तुकडा मिळाला तर काम सोपं होतं. भेकांच्या कुळात कुणालाच दात नसतात. तुकड्यावर दात किंवा दातांच्या खुणा असतील, तर तो भेक नाही. कमरेचा मणकाही बोलका असतो. भेकात त्याचे दोन्ही पंख रुंद पसरलेले असतात, राना बेडकात ते दंडगोल.

[कपाटांचे खण उघडतात. लहान डब्या, चिठ्ठ्या.]

इथपर्यंत, म्हणजे ‘हा भेक आहे’ इथपर्यंत, हात कापत नाही. पुढचा प्रश्न कोणत्या जातीचा. जोसेफ टायहेन यांनी १९६२ मध्ये अमेरिका खंडांतल्या भेकांची हाडं मांडली. त्यानंतरच्या अभ्यासकांनी उंचवट्याच्या उंचीवरून, उतारावरून जाती ठरवल्या. २००५ मध्ये गेब बेव्हर यांनी उत्तर अमेरिकेतल्या आजच्या भेकांची इलियम तपासली. एकाच जातीत, एका भेकापासून दुसऱ्या भेकात, या उंचवट्याचा आकार बराच बदलत होता. तुटक्या हाडावरून थेट जातीचं नाव देणं धोक्याचं ठरलं.

हा बदल ओळखायचा तर एका जातीचा एक सांगाडा पुरत नाही. लहान, मोठे, नर, माद्या, वेगवेगळ्या भागांतले, असे पुष्कळ लागतात. म्युझियममध्ये भेक आहेत, पण बहुतेक अल्कोहोलच्या बरण्यांत, अंगावर कातडी तशीच ठेवून. साफ केलेले, सुटे, चिठ्ठी लावलेले सांगाडे थोडे. हा खण म्हणूनच आम्ही इतका वेळ दाखवतो आहोत. नव्या उत्खननाइतकाच पैसा अशा खणांवर खर्च व्हायला हवा.

कोलंबियातल्या ला व्हेंटा इथल्या, मायोसीन या प्राचीन काळातल्या थरांतली हाडं घ्या. रिचर्ड एस्टेस आणि रिचर्ड वॉसरसग यांनी १९६३ मध्ये त्यांना थेट केन टोड या आजच्या भेकाचं नाव दिलं. ते थर सव्वा कोटी वर्षांच्या आसपासचे. हाडं सारखी आहेत, यात वाद नाही. पण हाडं सारखी म्हणून जातही तीच, ही उडी मोठी आहे. जाती कधी वेगळ्या झाल्या, याचे डीएनएचे हिशेब अशा जीवाश्मांच्या वयावरून मांडले जातात, म्हणून अशी ओळख जपूनच घ्यायला हवी.

[स्क्रीनवर सीटी स्कॅन. कातडीच्या आतून सांगाडा उलगडतो.]

आता हे चित्र. फ्रान्समधल्या केर्सी भागातल्या फॉस्फेटच्या खाणींत, एकोणिसाव्या शतकात, मायोसीनच्याही आधीच्या इओसीन काळातले ‘ममी’ झालेले प्राणी मिळाले. कातडीचा आकार जसाच्या तसा, आतलं काहीच दिसत नाही. आंरी फिलोल यांनी त्यातल्या एकाला नाव दिलं बुफो सर्व्हाटस. बुफो, म्हणजे भेक. शतकाहून अधिक काळ ते नाव टिकलं. मग सीटी स्कॅननं न फोडता आतली हाडं दाखवली. सांगाडा भेकाचा नव्हता. तो थॉमॅस्टोसॉरस नावाच्या बेडकाचा, ज्याचे नातेवाईक आज आफ्रिकेत आहेत. बाहेरून भेक दिसणारा प्राणी हाडांनी भेकांच्या यादीतून काढला.

[तळ्याकाठचा बेडूक.]

इंग्लंडमध्ये पूल फ्रॉग हा बेडूक बाहेरून आणलेला मानला जात होता. सॅक्सन काळातल्या थरांमधली हाडं, डीएनए आणि आवाज यांवरून तो तिथलाच ठरला, आणि २००५ मध्ये स्वीडनमधून आणून नॉरफोकमध्ये पुन्हा सोडला गेला.

[पुन्हा ट्रे. चिठ्ठीवर पेन.]

आपल्या हाडाची चिठ्ठी लिहून होते आहे. कुळ: बुफोनिडी. बाजू: डावी. जात: अनिश्चित. ट्रेमधली बाकीची इलियम अजून बघायची आहेत.