कोअर मोजण्याआधी

(पुण्यात कॉलेजचे विद्यार्थी आणि लग्नसमारंभांचं व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नवा पीसी असेंबल करायचा म्हणून कोटेशन घेऊन येणारे बहुतेक जण विचारतात, "सर, कोअर किती घेऊ?" कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग. मी उलट विचारतो, मशीनसमोर ताटकळत बसावं लागतं ते नेमकं कधी? गेम ऐन रंगात असताना अडखळतो तेव्हा? एडिटिंग करताना टाइमलाइनवर क्लिप मागेपुढे सरकवताना? की रात्री एक्सपोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनवायला, लावल्यावर? तिन्ही वेळा प्रोसेसरला वेगवेगळं काम असतं. हे न बघता नुसते कोअर मोजले की पैसे भलतीकडेच जातात.

आधी गेम, कारण मागच्या रांगांत तीच मंडळी जास्त दिसताहेत. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा, मॉनिटर असेल तर एका चित्राला, म्हणजे फ्रेमला, जेमतेम ७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, भिंत पडली का, हे प्रोसेसरने ठरवायचं आणि ग्राफिक्स कार्डाला चित्र काढायला सांगायचं. यातलं बरंचसं काम एकापाठोपाठ एकच होतं. गोळी भिंतीला लागली हे ठरल्याशिवाय भिंत पडणार कशी? त्यामुळे सगळा भार एका मुख्य थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या कामांच्या एकाच साखळीवर, येतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर २० टक्क्यांवर दिसतो आणि पोरं म्हणतात, प्रोसेसर तर रिकामा बसलाय. पण ८ कोअर, १६ थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी तिथे जेमतेम ६ टक्केच दिसणार. खरं बघायचं तर गेमचं रिझोल्यूशन कमी करा. फ्रेम वाढल्या, तर कार्ड कमी पडतंय. तसूभरही वाढल्या नाहीत, तर प्रोसेसर.

काम वाटून करण्याची गोष्ट पुण्याला नवी नाही. १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था सुरू झाली आणि १९९१ मध्ये तिथे परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्याचं सगळं बळ एकाच वेळी राबणाऱ्या अनेक छोट्या प्रोसेसरांत होतं, त्यांना ट्रान्सप्युटर म्हणत. जे गणित तुकड्यांत वाटता येतं त्याला हा मार्ग उत्तम. पण न वाटता येणारा भाग शेवटी आडवा येतोच, आणि अॅमडालचा १९६७ चा नियम तेच सांगतो. ९० टक्के काम वाटता आलं आणि १० टक्के एकामागून एकच करावं लागलं, तर १६ कोअरचा वेग १६ पट होत नाही, ६.४ पट होतो. कोअर कितीही वाढवा, १० पटीच्या पुढे जाता येत नाही. गेममध्ये तर न वाटता येणारा भाग बराच मोठा असतो.

मग गेमला काय लागतं? एकेका कोअरचा वेग, आणि कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी. स्वयंपाक करताना मिसळणाचा डबा हाताशी असला तर फोडणी जळत नाही. दर वेळी कोठीच्या खोलीत जावं लागलं तर जळते. एल३ कॅश म्हणजे तो डबा आणि रॅम म्हणजे कोठीची खोली. २०२२ मध्ये एएमडीने रायझन ७ ५८००एक्स३डीमध्ये प्रोसेसरवरच जादा कॅशचा थर चढवला आणि एल३ कॅश ९६ एमबीपर्यंत नेली. २०२४ च्या ९८००एक्स३डीमध्ये तोच थर कोअरच्या खाली गेला. त्यामुळे कोअरची उष्णता थेट कूलरकडे जाते आणि क्लॉक, म्हणजे कोअरचा वेग, वर ठेवता येतो. कोअर आठच. तरी निव्वळ गेमसाठी मी अजून त्याच्याकडेच बोट दाखवतो. अर्थात कार्ड मध्यम आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर रायझन ५ ७६०० घ्या आणि उरलेले पैसे कार्डात घाला.

आता एडिटिंगवाले. तुमच्यापैकी अनेकांचे कॅमेरे एच.२६५ या व्हिडिओ आक्रसून ठेवणाऱ्या फॉरमॅटमध्ये, १० बिट ४:२:२, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवून, रेकॉर्ड करतात. त्या फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. एखादी पूर्ण फ्रेम, आणि पुढच्या बहुतेक फ्रेममध्ये फक्त काय बदललं त्याची नोंद. म्हणून लक्ष्मी रस्त्यावरच्या मिरवणुकीत ताशावर काडी पडते तीच फ्रेम हवी असेल, तर आधीची पूर्ण फ्रेम गाठून तिथपासून सगळं उलगडत यावं लागतं. उलटं चालवलं की हाल विचारू नका. हे उलगडण्यासाठी चिपच्या ग्राफिक्सच्या भागात वेगळं सर्किट असतं, डीकोडर. तो तुमचा फॉरमॅट ओळखत असेल तर टाइमलाइन लोण्यासारखी चालते. नसेल तर सगळं ओझं कोअरवर पडतं आणि महागडा प्रोसेसरही धापा टाकतो.

इथेच बहुतेक जण फसतात. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स अकराव्या जनरेशनपासून एच.२६५चं १० बिट ४:२:२ उलगडतं. रायझन डेस्कटॉपमधलं अंगभूत ग्राफिक्स ते करत नाही. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. आणि इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी 'एफ' असतं, त्यात अंगभूत ग्राफिक्स वापरताच येत नाही. थोडे पैसे वाचतात म्हणून दुकानदार एफ पुढे करतो, आणि तुमचं रोजचं काम सोपं करणारा भागच हातातून जातो. एडिटिंगवर पोट असेल तर एफ घेऊ नका, आणि हे दोनदा ऐका.

एक्सपोर्टचं मी फार मनावर घेत नाही. तिथे जास्त कोअर उपयोगी पडतात, पण एक्सपोर्ट लावून माणूस जेवायला जाऊ शकतो. टाइमलाइनपुढून उठता येत नाही. हातात पैसे नसतील तर प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या क्लिपच्या हलक्या प्रती, बनवा, ते जवळपास फुकटातच पडतं. रॅम ३२ जीबी, दोन स्टिकमध्ये. चार स्टिक लावल्या की डीडीआर५चा वेग बहुधा खाली येतो. आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी किंवा एक्स्पो ही रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय चालू करायला विसरू नका, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वरच चालत राहते.

"सर, दोन्ही करायचं असेल तर?" एडिटिंग जास्त आणि गेम रविवारी, तर इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ २६५के. त्यात ८ मोठे आणि १२ छोटे कोअर आहेत आणि डीकोडरही चांगला. गेम जास्त आणि एडिटिंग हौसेचं, तर ९८००एक्स३डी आणि प्रॉक्सी. दोन्हींत शेंडा गाठायचाच असेल तर एएमडीचा १६ कोअरचा ९९५०एक्स३डी आहे, पण जादा कॅश त्यातल्या ८ कोअरवरच आहे, तेव्हा गेम योग्य बाजूला पाठवणं विंडोजच्या हाती. आणि एप्रिल-मे मध्ये पत्र्याखालच्या खोलीत २५० वॉटपर्यंत जाणारा प्रोसेसर चालवणार असाल, तर प्रोसेसरच्या कूलरला कमी बजेट ठेवू नका. तो खोलीच्या हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही.

जुना प्रोसेसर घेणाऱ्यांसाठी एकच सांगतो. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या जनरेशनच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे चिप कायमची बिघडण्याची तक्रार निघाली. कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचना, दुरुस्त केला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधी बिघडलेली चिप अपडेटने बरी होत नाही. म्हणून बिल मागा, बायोस ताजा आहे का बघा, आणि सुरुवातीला शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम, तयार करणारा एखादा जड गेम सुरू करून बघा. खराब चिप बहुधा तिथेच, मेमरी संपल्याचा खोटा एरर देऊन कोसळते. दुकानदार एवढं करू देत नसेल, तर पुढच्या दुकानात चला. पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ते फार लांब नसतं.