एजंटच्या हाती दुकान देताना: टूलच्या वर्णनाविषयी

मित्रहो, आजचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. ऑनलाइन दुकानातील लिस्टिंग, म्हणजे विक्रीला मांडलेल्या वस्तूंची पाने, सांभाळण्यासाठी आपण एआय एजंटला, म्हणजे आपल्या सांगण्यावरून स्वतः कामे करणाऱ्या प्रणालीला, टूल (एकेक ठरावीक काम करून देणारी सोय) जोडून देतो, तेव्हा प्रत्येक टूलबरोबर त्याचे नाव, चार-दोन ओळींचे वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याची स्कीमा एजंटमागच्या भाषा-मॉडेलपुढे ठेवली जाते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे मॉडेलला टूल जोडण्याची सामायिक पद्धत, खुला केल्यानंतर अशी जोडणी करणे पुष्कळ सोपे झाले. वर्णने मात्र अजूनही घाईघाईत, शेवटच्या क्षणी लिहिली जातात. टूलमागचा कोड मॉडेलला सहसा दिसत नाही. टूल काय बदलते, हे सगळेच सांगतात. ते काय पुसते, हे सांगण्याचे मात्र बहुतेकांकडून राहून जाते, आणि माझा आक्षेप नेमका तेवढ्यावर आहे.

ईबे या ऑनलाइन बाजारपेठेचे उदाहरण घेऊ. तेथील इन्व्हेंटरी एपीआयमध्ये, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामला मालाच्या नोंदी हाताळू देणाऱ्या व्यवस्थेत, वस्तूची नोंद करण्याची आणि बदलण्याची सोय एकाच ठिकाणी आहे, आणि जुनी नोंद बदलताना ती संपूर्णपणे नव्याने लिहिली जाते. जी माहिती आपण पाठवत नाही, ती नोंदीतून जाते. आता या सोयीवर कोणी टूल बांधले आणि वर्णनात ‘वस्तूची माहिती अपडेट करते’ एवढेच लिहिले, तर विक्रेत्याने ‘निळ्या कुर्त्याचे वर्णन जरा नीट कर’ म्हटल्यावर एजंट फक्त नवे वर्णन पाठवील, आणि त्यात त्याचा दोष काहीच नसेल. आता टूलचे तेच वर्णन असे लिहून पाहा: ‘या एसकेयूची (वस्तूच्या ओळख-क्रमांकाची) संपूर्ण नोंद नव्याने लिहिते. न पाठवलेली माहिती, फोटोंसह, नोंदीतून काढली जाते. म्हणून आधी सध्याची नोंद वाचा, तिच्यात बदल करा आणि पूर्ण नोंद परत पाठवा. फक्त किंमत किंवा स्टॉक बदलायचा असेल तर हे टूल वापरू नका. त्यासाठी किंमत-स्टॉकचे वेगळे टूल आहे.’ यातली शेवटची दोन वाक्ये मला सर्वांत मोलाची वाटतात, कारण मॉडेलपुढे वीस-तीस टूल असताना त्याची चूक बहुधा शेजारच्या टूलशी गल्लत होऊनच घडते.

विक्री थांबवण्याच्या बाबतीतही असेच आहे. ईबेवर ऑफर, म्हणजे वस्तू कोणत्या किमतीला आणि अटींवर विकायची याची नोंद, मागे घेतली की लिस्टिंग बंद होते, पण ऑफर शिल्लक राहते आणि पुढे पुन्हा प्रसिद्ध करता येते. इन्व्हेंटरीतील वस्तूच पुसली, तर तिच्या ऑफरही तिच्याबरोबर जातात. दोन्ही टूलच्या वर्णनात ‘लिस्टिंग काढते’ असे लिहिणारा माणूस मला तरी बेफिकीर वाटतो.

किमतीच्या बाबतीत एट्सी या हस्तकलेच्या वस्तूंसाठी ओळखल्या जाणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठेचे उदाहरण बोलके आहे. तेथे लिस्टिंग वाचताना किंमत एक रक्कम आणि एक भाजक अशा जोडीने मिळते. ४५ डॉलरच्या कोल्हापुरी चपलेसाठी रक्कम ४५०० आणि भाजक १०० असतो. इन्व्हेंटरी परत लिहिताना मात्र साधी दशांश संख्या द्यावी लागते. वर्णनात हा फरक उदाहरणासह सांगितला नाही, तर वाचलेले ४५०० जसेच्या तसे परत जाण्याची भीती असते. लिस्टिंगचे नूतनीकरण करणाऱ्या टूलने तर प्रत्येक वेळी ०.२० डॉलर शुल्क लागते हे स्वतःहून सांगायला हवे, कारण ‘संपलेल्या सगळ्या लिस्टिंग चालू कर’ या एका वाक्यात शेकडो लिस्टिंग असू शकतात.

स्टॉक बदलण्याचे दोन प्रकार शॉपिफायने, म्हणजे ऑनलाइन दुकान उभारून देणाऱ्या सेवेने, वेगळे ठेवले आहेत: एका क्रियेत एकूण संख्या ठरवायची, दुसरीत आहे त्या संख्येत वाढ-घट करायची. एकूण ८ ठेवण्याची विनंती चुकून दोनदा गेली तर, मध्ये विक्री झालेली नसल्यास, काही बिघडत नाही. ४ कमी करण्याची विनंती उत्तर वेळेत आले नाही म्हणून पुन्हा पाठवली, तर ८ वजा होण्याचा संभव असतो. म्हणून दुसऱ्या टूलच्या वर्णनात ‘उत्तर न मिळाल्यास थेट पुन्हा चालवू नका, आधी स्टॉक वाचा’ असे स्पष्ट लिहावे.

याचा अर्थ वर्णनात सगळा मॅन्युअल ओतावा असा नाही. मॉडेल एका वेळी मर्यादितच मजकूर वाचू शकते आणि प्रत्येक शब्द त्यातली जागा व्यापतो, आणि ठळक अक्षरांतल्या दहा ताकिदी एकत्र आल्या की कोणतीच ठळक राहत नाही. शिवाय वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. प्रोटोकॉलमध्ये टूल विध्वंसक आहे असे सुचवणारी खूण ठेवता येते, पण ती केवळ सूचना असते. एका वेळी किती किमती बदलता येतील आणि कशासाठी विक्रेत्याची संमती लागेल, हे टूल चालवणाऱ्या सर्व्हरच्या कोडमध्येच बांधावे लागते.

वर्णन तपासण्यासाठी विक्रेते खरोखर बोलतात तशी वाक्ये गोळा करावीत. ‘पैठण्या आत्ता काढून टाक, दिवाळीला परत लावू’ असे सांगितल्यावर एजंट ऑफर मागे घेतो की वस्तू पुसायला निघतो, हे चाचणीच्या खात्यावर पाहावे, आणि तो चुकला तर मॉडेलला बोल लावण्याआधी त्या दोन टूलची वर्णने शेजारी ठेवून वाचावीत.